वाढीव कामाचा नारळ

पवनीच्या सुलोचनाबाईंना सगळे ठेकेदारीणबाई म्हणत, आणि त्यांच्याकडून एखादं जास्तीचं काम गोड बोलून उपटायला जो गेला तो पुन्हा कधी त्या वाटेला फिरकला नाही. बाई भांडत नसत, आवाजही चढवत नसत. कोणी खांद्यावरचा दुपट्टा सावरत म्हणायचा, "बाई, एवढी भिंत जराशी वाढवता का? तुमाले काय जड हाये?" त्यावर त्या हसून म्हणायच्या, "वाढवू ना बाप्पा, काहून नाई? जा, नारळ घेऊन ये."

आता कामाच्या सुरुवातीला नारळ कोण फोडत नाही? सगळेच फोडतात, खोबरं खातात आणि विसरून जातात. बाई विसरू देत नसत. त्यांचा हिशेब साधा होता. चुन्याची रेघ मारून पहिला नारळ फुटला तो नकाशातल्या कामाचा. त्यानंतर कोणाला खिडकी सरकवून हवी असो की ओटा वाढवून, ते त्यांच्या लेखी नवं काम, आणि नव्या कामाला नवा नारळ. तो मागणाऱ्यानं आणायचा. ओव्हरसियरनं जागेवर येऊन बदल हुकूमवहीत लिहायचा, सही ठोकायची. ज्याचं ज्याचं त्या बदलात बरंवाईट होणार त्यानं समोर उभं राहायचं. मग नारळ फुटणार, आणि प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा पडणार. उद्या कोणी कानावर हात ठेवले तर बाई विचारायच्या, "खोबरं गोड लागलं होतं ना?" एवढ्यावर माणूस गप्प होई. खरं सांगायचं तर अर्ध्याअधिक मागण्या किराणा दुकानापर्यंत पोचायच्या आतच विरून जात.

ही शिस्त बाईंना कोणी शिकवली नव्हती. ती त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत, फार वाईट रीतीनं तयार झाली होती.

त्यांचे मालक कृष्णराव हेसुद्धा ठेकेदारच. माणूस इतका भला की "नाही" म्हणायला त्यांची जीभ वळत नसे. एकदा वैनगंगेकाठच्या एका गावी नदीची दरड धसू नये म्हणून ते दगडी भिंत बांधत होते. गावच्या बाया म्हणाल्या, भाऊ, घागर घेऊन उतरताना पाय घसरतो, चार पायऱ्या करून द्या. तेव्हाचे साहेब जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाले, "करून टाका, मागून पाहू." कृष्णरावांनी पायऱ्या केल्या, आणि अशा केल्या की गरोदर बाईनंही न धरता उतरावं. मग त्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब नकाशा घेऊन आले. पायऱ्या नकाशात नाहीत, कोणाच्या लेखी हुकुमात नाहीत, शिवाय पुराच्या पाण्याला अडवतात, तोडा. "मागून पाहू" म्हणणाऱ्या साहेबांना पत्र गेलं, त्यांना काही आठवत नव्हतं. कृष्णरावांनी मजुरांना हात लावू दिला नाही, स्वतः लोखंडी सब्बल घेऊन पायऱ्या उपटल्या. बाया घागरी घेऊन वर उभ्या होत्या. त्या दिवसापासून माणूस खचला तो खचलाच, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत राहिला नाही.

बाईंनी कपाळाचं कुंकू पुसलं आणि चौऱ्याहत्तर साली ठेकेदारीच्या नोंदणीचा अर्ज स्वतःच्या नावानं भरला. पवनीच्या बाजारात लोक फिदीफिदी हसले. म्हणाले, बाई सिमेंट कालवणार का भाकरीचं पीठ? बाईंनी दोन्ही केलं. दोन-तीन पावसाळे गेले तसं हसणं थांबलं, आणि हसणारेच आपापल्या पोरांना कामावर घ्या म्हणून त्यांच्याकडे येऊ लागले.

एक्याऐंशी साली दिघोरीच्या अलीकडे चिचटोल्याच्या तलावाचं काम त्यांना मिळालं. तलाव जुना, पाळ, म्हणजे बांध, खचलेली, आणि पाणी सोडायचं तुडूम तर पार मोडून गेलेलं. पाळीवर माती चढवायची, तुडूम नवं बांधायचं, आतून दगड लावायचे, असं काम. माती तलावाच्याच कोरड्या पोटातून घ्यायची होती. मात्र पाळीपासून ठराविक अंतर सोडून, इथे थोडी तिथे थोडी, उथळ खरडून. तसं नकाशात लिहिलेलं होतं.

काम सुरू होऊन पहिला नारळ पचतो न पचतो तोच जिजा आली. तलावातल्या मासोळीवर पोट असलेल्या ढिवरांपैकी ही. अंगानं काटकुळी, पण बोलायला लागली की समोरच्याला बाजूला सरकावं लागे. तिचं दुःख ढिवरांच्या सगळ्या वस्तीचं, सगळ्या टोलीचं होतं. होळी झाली की तलाव आटायचा, मासोळी संपायची, आणि पुरुषमाणसं कामठीकडे विटाभट्टीवर जायची ती पाऊस लागल्यावरच परतायची. परतायची म्हणायचं. जिजाचा दीर इतवारी असाच भट्टीवर गेला होता, तो आजतागायत आला नव्हता. यंदा तिचा नवरा मनिराम जायच्या तयारीत होता.

"बाई, माती तं तुमी खोदणारच हाव," जिजा म्हणाली. "जागोजागी खरडण्यापरीस त्या मधल्या बाभळीपाशी एकाच जागी खोल खोदा ना. तिथं आधी डोह होता, गाळानं भरला. पाणी राहीन तं मासोळी राहीन, अना मासोळी राहीन तं माहा माणूस राहीन."

बाईंनी बाभळीकडे पाहिलं. मागणी सोपी दिसत होती, आणि सोप्या दिसणाऱ्या मागण्यांनीच कृष्णरावांना खाल्लं होतं. बाभूळ पाळीपासून लांब. म्हणजे डोक्यावरची माती लांबून आणायची, वरचा गाळ पाळीला चालत नाही तो आधी काढून टाकायचा, आणि हे सगळं ठरलेल्या दरात कुठेच बसत नव्हतं. शिवाय तलावाचं पाणी धानाला घेणारा भय्याजी आणि त्याच्यामागचे शेतकरी खोल खड्डा म्हटल्यावर उसळणार. पण मनातून त्यांना जिजाचं म्हणणं पटलं होतं, पहिल्या वाक्यालाच पटलं होतं.

"काहून नाई?" त्या म्हणाल्या. "पण आधी साहेबाले येऊ दे, लिहू दे, भय्याजीले अना त्याच्या लोकायले विचारू दे. मंग तू नारळ आण."

इथे बाईंचं चुकलं. त्यांना वाटलं, आपली रीत साऱ्या मुलुखाला ठाऊक आहे. जिजाला त्यातला नारळ तेवढा ऐकू आला, बाकीचं कानावरून गेलं.

पाळीला लागणारी माती दुसरीकडून खरडून झाली की डोहाचं स्वप्नही संपलं, हे बाईंना कळत होतं. म्हणून त्यांनी खोदकामावरची माणसं दुसऱ्याच दिवशी काढून तुडुमाच्या पायावर आणि दगड रचायला लावली. कामही चालू, मातीही शिल्लक. अशा वेळी काम थांबवून बसणारा ठेकेदार अर्धा बुडालेला असतो, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्या कोणालाही सांगायच्या. एवढं करून त्या एस.टी.नं भंडाऱ्याला गेल्या, पाटबंधारे खात्याच्या डेप्युटीसाहेबांना भेटायला. कारध्याचा पूल ओलांडताना खिडकीतून वैनगंगा दिसली. बाईंनी नेहमीप्रमाणे मान दुसरीकडे वळवली.

साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, वाढ लहान ठेवा, पाणी घेणाऱ्यांची लेखी संमती आणा, मी मंजूर करतो. रात्र भंडाऱ्यात काढून बाई सकाळी खुशीत परतल्या. दिघोरीला उतरून चालत चिचटोल्याच्या पाळीवर चढल्या आणि जागीच थबकल्या.

बाभळीपाशी कमरेएवढा खड्डा पडला होता. त्यांचीच माणसं त्यात उतरून घाम गाळत होती. खड्ड्याच्या काठावर फुटका नारळ, कुंकू, उदबत्तीची राख. ढिवरांची लेकरं खोबरं चघळत उड्या मारत होती. आणि पाळीवर भय्याजी, गावातला मोठा शेतकरी, आपली माणसं घेऊन लालबुंद होऊन उभा.

घडलं होतं ते असं. बाई गेल्या त्याच पहाटे जिजानं टोलीतली माणसं नेऊन बाभळीपाशी नारळ फोडला, आपल्यातच वाटला, आणि मुकादमाला येऊन सांगितलं, "नारळ फुटला." मुकादम इतकी वर्षं बाईंच्या हाताखाली राबलेला. नारळ फुटला म्हणजे बाईंचा हुकूम, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. त्यानं दगड रचणारी माणसं उचलली आणि खोदायला लावली. बाईंची शिस्त बाईंच्याच गळ्यात पडली, आणि दोष तरी कोणाला द्यायचा? मुकादमानं त्यांचंच ऐकलं होतं. जिजानंही त्यांचंच ऐकलं होतं.

"बाई," भय्याजी गरजला, "आमच्या पाठीमागं आमच्या तलावात खड्डा? आमचं धानाचं पाणी ह्या खड्ड्यात जिरणार, अना तुमी भंडाऱ्याले जाऊन बसल्या! तुमचा नारळ नारळ म्हणतात तो हाच का?"

सगळे बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. खड्डा असाच राहू दिला असता तर काय बिघडलं असतं? साहेब मंजुरी द्यायला तयार होते. चार दिवसांत कागद झाला असता, मागची तारीख टाकून गोष्ट मिटली असती. अशा शंभर गोष्टी खात्यात रोज मिटतात. बाईंच्या डोळ्यांपुढे सब्बल घेतलेले कृष्णराव उभे राहिले. चोरून केलेलं काम तोडायला कोणीतरी येतंच, आज नाही तर पाच वर्षांनी, आणि तेव्हा जिजाच्या बाजूनं बोलायला एक माणूस उभा राहणार नाही.

"बुजवा," त्या म्हणाल्या.

मुकादम हलला नाही. जिजा पुढे आली. "बुजवा म्हंजे? बाई, नारळ फोडला ना आमी! तुमीच सांगतलं होतं!"

"मीच सांगतलं, अना चुकीचं सांगतलं. माही चूक हाये ते. पण हा नारळ कामाचा नाई जिजा. साहेब नव्हता, भय्याजी नव्हता, मी नव्हती. उद्या कोणी आलं अना बुजव म्हणलं, तं तू काय दाखवशीन? पोट्ट्यायच्या तोंडातलं खोबरं?"

मग बाईंनी पदर खोचला, घमेलं उचललं आणि पहिली माती स्वतः खड्ड्यात टाकली. मालकांना पायऱ्या उपटताना काय झालं असेल ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि कळलं म्हणून रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही. मुकादम धावला, मजूर धावले. संध्याकाळपर्यंत जमीन सपाट झाली. जिजा बाभळीखाली बसून सगळं पाहत होती. उठताना एवढंच म्हणाली, "माहा माणूस ह्या हप्त्यात भट्टीवर जाऊन राहिला बाई. तुमच्या कागदाले सांगजा."

जिजाला द्यायचं उत्तर दुसऱ्याच माणसाच्या मनात तयार होत होतं. भय्याजी पाळीवरून हलला नव्हता. बाई कोणाला फसवत असतील असं त्याला सकाळी ठामपणे वाटलं होतं; पण फसवणारी बाई रडत रडत स्वतःच्या माणसांचं काम बुजवते काय? त्याला सवाल पडला, आणि भय्याजीसारख्या माणसाला सवाल पडला की तो स्वस्थ बसू शकत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंच्या खोपटापाशी हजर.

"काय म्हणणं हाये तुमचं, ते एक डाव सांगा मले," तो म्हणाला. "कोणी विचारलंच नाई आमाले, म्हणून राग आला."

बाईंनी लगेच ओव्हरसियरला बोलावणं धाडलं. इश्वर लांजेवार हा तुमसरकडचा तरुण गडी, कामात सरळ आणि सायकलवर तरबेज. तो आला, बाभळीपाशी फिरला, आणि भय्याजीला तुडुमापाशी घेऊन गेला. "हे तुडुमाचं तोंड. तलावाचं पाणी याच्या खाली गेलं, की तुमच्या धानाच्या बांदीत येते का?"

"याच्या खालचं कसं येईन?"

"मंग डोह तं त्याच्याही खाली हाये. एकदा आषाढात भरला की भरला. तुमच्या धानाच्या शेवटच्या पाण्यातलं तो काय पिणार?"

भय्याजीनं मिशीवर बोट फिरवलं. पटलं होतं, पण हातात काही आल्याशिवाय हो म्हणायची त्याला सवय नव्हती. तेव्हा इश्वरनंच दुसरी गोष्ट काढली. डोहावरचा गाळ पाळीला चालत नाही, तो कुठेतरी टाकावाच लागणार. शेतकऱ्यांनी तो आपल्या बैलबंड्यांनी उचलून नेला, तर वाढीव कामातला मोठा तुकडा गळून पडेल आणि डेप्युटीसाहेबांची सही सोपी होईल. तलावाचा गाळ, म्हणजे शेताला फुकटचं खत! धानवाल्यापुढे त्याचं नाव घ्यायची खोटी. भय्याजीच्या मागची माणसं लगोलग कोणाची बंडी आधी लागणार यावर भांडायला लागली. बाईंनी इश्वरकडे असं पाहिलं की तो लाजला.

संमतीवर सह्या झाल्या, अंगठे उठले, आणि चार दिवसांत डेप्युटीसाहेबांची मंजुरीही आली. हुकूमवहीत इश्वरनं बदल लिहिला: माती कुठून घ्यायची, किती खोल, पाळीपासून किती दूर, गाळ कोण नेणार. आता एकच गोष्ट बाकी होती. मागणाऱ्यानं नारळ आणायचा होता, आणि मागणारी रुसली होती.

ठरलेल्या सकाळी सगळे बाभळीपाशी जमले. बंड्या जुंपून उभ्या, बैलांच्या घंटा वाजताहेत, जिजाचा पत्ता नाही. मुकादम हळूच म्हणाला, "बाई, दुकानातून मी आणू का एक?" बाईंनी मान हलवली. त्यांचा नारळावर विश्वास होता, तसा जिजावरही होता. ऊन चढायला लागलं तेव्हा टोलीच्या बाजूनं ती येताना दिसली. एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातानं तिनं मनिरामला मनगटाला धरून ओढत आणलं होतं. त्याच्या खांद्यावर भट्टीला न्यायचं बोचकं तसंच होतं. त्याला तिनं दिघोरीच्या मोटारीतून उतरवून घेतलं होतं.

नारळ फुटला. बाईंनी तुकडे केले आणि एकेकाच्या हातावर ठेवले. इश्वरनं खाल्लं, मनिरामनं खाल्लं. भय्याजी तुकडा हातात धरून उभा राहिला.

"खा भय्याजी," बाई म्हणाल्या. "हातात धरून साक्षीदार होत नाई कोणी."

सगळे हसले. भय्याजीही हसला आणि त्यानं तो तुकडा तोंडात टाकून चांगला कडाकडा चावला.

डोह खणला गेला, पाळ उभी राहिली, पावसाआधी काम संपलं. शेवटच्या मोजणीला नवा ओव्हरसियर आला होता. इश्वरची बदली झालेली. नकाशात नसलेला हा खड्डा कसला, म्हणून त्यानं भुवया वर केल्या. बाई काही बोलायच्या आत भय्याजी पुढे झाला, "कसला म्हंजे? आमी सगळ्यायनं मिळून केलेला. आधी वही वाचा साहेब." साहेबांनी वाचली, टेप खाली सोडला, आणि डोह मोजमापात आला. बाईंना त्या दिवशी तिथे एक शब्द बोलावा लागला नाही. असं सुख ठेकेदाराच्या नशिबी क्वचित येतं, ते त्यांनी पोटभर उपभोगलं.

पुढच्या वैशाखात दुसऱ्या कामानिमित्त त्या दिघोरीला आल्या होत्या. राहवेना, म्हणून चिचटोल्याला वाट वाकडी करून गेल्या. तलाव आटलेला, भेगा पडलेल्या, पण मध्ये डोहात पाणी चमकत होतं. भय्याजीचे बैल काठावर पीत होते. बाभळीखाली मनिराम पाय पसरून जाळं विणत बसला होता. वैशाखात, दिवसाढवळ्या, आपल्या गावात. बाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या.

जिजानं त्यांना पाहिलं आणि धावत आली. मागून दोन-चार बाया, आणि बायांच्या मागून भय्याजी, काखेत काहीतरी धरून.

"बाई, बऱ्या आल्या तुमी," जिजा म्हणाली. "काठ लय उभा झाला. पाण्याचा गुंड घेऊन उतरताना बायायचा पाय घसरते. पायऱ्या करून द्या ना, दगडाच्या."

भय्याजीनं काखेतला नारळ पुढे केला. "मीच आणला. ढोरायलेही उतरता येईन. साहेबाले सांगाव धाडला हाये, ग्रामपंचायतीचा कागदही करतो. आधी लिहिणं, मंग नारळ. माहीत झालं आता आमाले."

डोहाच्या काठाशी जाऊन बाईंनी चपलेच्या टोकानं मातीत एक रेघ ओढली, तिच्या खाली दुसरी, तिच्या खाली तिसरी. पायरी रुंद धरली होती, गरोदर बाईनंही न धरता उतरावं अशी. मग पदरानं डोळे पुसून त्या भय्याजीकडे वळल्या.

"एकानं नाई भागत भय्याजी. दोन आणा."

"दुसरा कायले?"

"नदीवर आमच्या मालकानं पायऱ्या केल्या होत्या," बाई म्हणाल्या. "त्यायचा फोडायचा राहून गेला."